शाळूचा दाणा

जीप पस्तीसपट लहान, माणसं बत्तीसपट.
खोकं उघडताच मला ते जाणवलं,
बोललो नाही.
उद्यमनगरात दुपारची लाईट गेलेली,
लेथ गप्प,
इलाही मिस्त्री दारातल्या उजेडात
सागवानी पॅटर्नला पॉलिश पेपर मारत होते.
त्यांनी एक जवान उचलून जीपच्या टपाशी धरला,
डोळा बारीक केला.
'साडेचार मिलिमीटर,' म्हणाले,
'शाळूचा दाणा.'

शाळूचा एक दाणा म्हणजे तसं काय?
पण हुरडा खाताना दाढेत अडकला
तर दिवसभर जीभ तिकडंच.
तसं बघणाऱ्याचं होतं.
चूक कुठं ते सांगता येत नाही,
जीप तेवढी खेळण्यातली वाटायला लागते.

काम भुदरगडकडच्या एका हायस्कुलाचं.
काचेच्या कपाटात ठेवायला
नाईक बाळकू पोवारांची लढाई.
लढाई म्हणजे
नदीच्या वाळूत रुतलेली जीप,
आणि ती अडीच तास ढकलणारी माणसं.
पुतण्या सर्जेराव सांगून गेला होता,
'काका जरा रुबाबदार दिसू देत.'

मिस्त्री म्हणाले,
'मानूस उंच असतो, बुटका असतो,
त्याला कोण काय म्हणत न्हाई.
पण रायफल सरकारी. ती सगळ्यास्नी एकाच मापाची.'
म्हणून पाचही जणांच्या रायफली काढून घेतल्या,
हेल्मेटं उतरवली.
नवी येईपर्यंत आठवडाभर ते पाच जण
उघड्या डोक्यानं, मुठी तशाच वळलेल्या,
टेबलावर उभे.
रात्री शटर ओढताना मी तिकडं बघत नव्हतो.

पंचगंगेची वाळू तीनदा चाळली,
तरी एकेक कण धोंड्याएवढा.
पाणी तर ऐकतच नाही,
त्याचा थेंब लहान होत नाही कुणासाठी.
शेवटी रेझिन ओतलं,
आणि पुढच्या चौघांना गुडघ्यापर्यंत वाळूत रोवलं.
दाणा वाळूत मुरला.
पाचव्याला वाकवून चाकाला खांदा लावायला दिला.
सहावा जीपबरोबरच आलेला, पस्तिसाचाच.
त्याला पार मागं, काठावर,
लांब आहे म्हणून लहान दिसतो असं वाटावं इतका मागं.

हौसाबाई एसटीनं आल्या, भाच्याला घेऊन.
चष्मा पुसला, वाकल्या,
आणि मागच्या त्या बारक्यावर बोट ठेवलं.
'हे आमचं.'
सर्जेराव घाईनं म्हणाला, 'काकी, काका पुढं हाईत, ते बघा.'
'भरतीला अर्धा इंच कमी पडत हुतं,' त्या म्हणाल्या,
'केसात गूळ कालवून केस उभं केलं.
मापाची पट्टी खाली आली ती गुळाला चिकटली.
सायेब हसला, आन घेतलं.
मुंग्या लागल्यात म्हणून आठ दिवस खाजवत हुतं.'
आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून
त्यांनी तो काठावरनं उचलला,
चौघांच्या मधोमध, जीपच्या नाकाशी उभा केला.

सगळं बिघडलं.
चौघं राक्षस झाले, जीप आणखीनच खेळणं झाली.
मी मिस्त्रींकडं बघितलं.

मिस्त्रींकडं दोन पट्ट्या आहेत.
दोन्हींवर फूटच लिहिलाय,
पण एकीचा फूट एका सुतानं मोठा.
ओतीव निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न त्या मोठ्या फुटानं करायचा.
पहिल्या वर्षी मी पट्ट्यांची अदलाबदल करून
एक अख्खं पंप हाऊसिंग वाया घालवलं होतं.
त्यांनी आज दोन्ही पट्ट्या उचलल्या,
खिळ्याला परत अडकवल्या,
आणि बारीक ड्रिलनं त्या बारक्याच्या टाचेत भोक पाडलं.
तार घातली. अरल्डाइट.
'हितंच,' म्हणाले.

हौसाबाईंनी जाताना टेबलावर
पुडीतला गुळाचा खडा ठेवला, चहाबरोबर खा म्हणून.

सकाळी शटर उघडलं तर
जीपच्या बॉनेटवर एक मुंगळा,
पस्तिसाच्या हिशोबानं मांजराएवढा,
सरळ त्या बारक्याकडं निघालेला.
मी फुंकर मारायला वाकलो.
मिस्त्रींनी हात आडवा धरला.